दोन वर, दोन बाजूला

योनीचा वरचा, बाजूचा खोल कोपरा शोधायचा. तिथून दोन सेंटिमीटर वर जायचं आणि गर्भाशयाच्या मधल्या नलिकेपासून दोन सेंटिमीटर बाजूला सरकायचं. पोचलो ती जागा म्हणजे पॉइंट ए. डावीकडे एक, उजवीकडे एक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आतून किरणोपचार करताना मात्रा मोजायची ती या जागी, असं मँचेस्टरच्या होल्ट रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. मार्गारेट टॉड आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी डब्ल्यू. जे. मेरेडिथ यांनी 1938 साली सुचवलं. तेव्हाचं रेडियम केव्हाच कपाटबंद झालं, त्याच्या जागी आलेलं सीझियमही मागे पडलं. पॉइंट ए मात्र आहे. मुंबईत परळला जा नाहीतर व्हिएन्नाला जा, ब्रेकीथेरपीच्या खोलीत ‘ए’चा आकडा अजून विचारला जातो.

वैद्यकातल्या जुन्या व्याख्या पुष्कळदा सवयीनं टिकतात. ही तिच्या अंगच्या गुणांनी टिकली, असं मला वाटतं. ते गुण एकेक करून पाहावेत, तिचे दोषही त्याच मायेनं पाहावेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी या उपचाराची गोष्ट. बाहेरून दिलेला किरणांचा झोत शरीराच्या एका बाजूनं शिरतो, वाटेतल्या निरोगी पेशींमधून जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. ब्रेकीथेरपीत किरणांचा स्रोतच गाठीपाशी किंवा गाठीत नेऊन ठेवतात. बिंदूएवढ्या स्रोतापासून अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर. त्यामुळे स्रोताला चिकटलेल्या भागाला प्रचंड मात्रा मिळते आणि थोड्याच अंतरावरचा मूत्राशय, गुदाशय पुष्कळसा वाचतो. सगळा भरवसा या उतारावर. उतार जितका तीव्र तितकी शेजारच्या अवयवांची सुटका मोठी. मात्र असा उतार मोजणाऱ्याला अडचणीत आणतो: मात्रा सांगायची ती कुठली? एका मिलिमीटरवर एक आकडा, पुढच्या मिलिमीटरवर दुसरा.

टॉड-मेरेडिथांच्या आधी या प्रश्नाला बगल दिलेली होती. रेडियम 1898 मध्ये सापडलं. ते खिशात बाळगल्यानं बेकरेलची कातडी भाजली, आणि पिएर क्युरीनं मुद्दाम स्वतःच्या दंडावर त्याचा परिणाम पाहिला, या दोन्ही गोष्टी 1901 च्या. लगेच पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात दान्लोसनं त्वचारोगावर ते वापरून पाहिलं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं 1903 मध्ये एका डॉक्टरांना पत्रातून कळवलं, की रेडियमचा कण बारीक काचनळीत घालून थेट कर्करोगाच्या गाभ्यात ठेवून पाहायला हरकत नाही. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम वापरलं. पुढच्या वीस वर्षांत स्टॉकहोम आणि पॅरिस इथे दोन परंपरा उभ्या राहिल्या. स्टॉकहोमवाले पुष्कळ रेडियम एकेका दिवसासाठी, दोन-तीन वेळा ठेवत. पॅरिसवाले थोडं रेडियम सलग पाच-सहा दिवस ठेवत, योनीतल्या नळ्यांना बुचाच्या लाकडाचा आधार देत. दोघांच्या हातून पुष्कळ बायका वाचल्या, आणि मात्रा दोघेही एकाच भाषेत लिहीत: मिलिग्रॅम-तास. रेडियम किती मिलिग्रॅम, ठेवलं किती तास, त्यांचा गुणाकार.

हा गुणाकार नीट पाहा. त्यात सगळी माहिती रेडियमची आहे. ज्या बाईच्या पोटात ते ठेवलं तिच्याबद्दल एक अक्षर नाही. तिचं गर्भाशय लहान होतं की मोठं, योनी अरुंद होती की ऐसपैस, नळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की दूर राहिल्या, यातलं काहीच गुणाकारात उतरत नाही. दोन बायकांना तंतोतंत तेवढेच मिलिग्रॅम-तास मिळत, आणि एकीचा रोग बरा होई तर दुसरीचा गुदाशय जळून निघे. नोंदवहीत दोघींचा उपचार सारखाच.

टॉड-मेरेडिथांची व्याख्या इथे वेगळी वाट धरते. तिची सुरुवात योनीच्या कोपऱ्यापासून होते. दुसरं माप गर्भाशयाच्या नलिकेपासून घेतलं जातं. रेडियमचं नावही त्यात नाही. औषधाची मोजदाद थांबली आणि ज्या शरीराला औषध मिळतंय त्याची मोजदाद सुरू झाली, ती या ओळीत. मला तिचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. उरलेले गुण यातूनच निघतात.

पण मग नेमकी हीच जागा का? गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना ऊतींचा एक लहान त्रिकोणी पट्टा असतो. गर्भाशयाची धमनी आणि मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी तिथेच एकमेकींना ओलांडतात. रेडियमच्या उपचारानंतर गंभीर इजा झालेल्या रुग्णांचा विचार करताना टॉड-मेरेडिथांचं मत असं झालं, की बिघाडाची सुरुवात मूत्राशयात किंवा गुदाशयात होत नसून या त्रिकोणात होते. इथल्या रक्तवाहिन्या किती सोसू शकतात, यावर साऱ्या उपचाराची मर्यादा ठरते. म्हणून मोजायचं ते इथे.

या निवडीपाशी मी दर वेळी थबकतो. रोगावर मारा करण्याच्या पद्धतीचं मुख्य माप रोगाच्या जागी घेतलेलं नाही. शरीराची सोसण्याची ताकद जिथे आधी संपते तिथे घेतलं आहे. व्याख्येत गाठीचा उल्लेखच येत नाही. पहिला प्रश्न ‘रोगाला किती द्यायचं’ हा नसून ‘या बाईला किती झेपेल’ हा आहे. त्या काळी मोठ्या मात्रेचं आकर्षण जबर होतं, आणि रेडियमनं झालेल्या भयंकर जखमाही साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. अशा वेळी इजेपासून सुरुवात करायला वेगळ्या प्रकारची हिंमत लागते. पुढे इजेच्या उगमाबद्दलचं त्यांचं म्हणणं जसंच्या तसं टिकलं नाही. मूत्राशय आणि गुदाशय यांना मिळणारी मात्रा वेगळी पाहावी लागते, हे आज सगळे मानतात. जागेची निवड तरीही टिकली, कारण तिच्यामागे आणखीही विचार होता.

तो विचार तीन अटींचा. बिंदू असा हवा, की एका बाईतली जागा दुसऱ्या बाईतल्या जागेशी शरीररचनेनं जुळावी. तो अशा भागात हवा, की साधनं जराशी हलली तर आकडा एकदम उसळू वा कोसळू नये. आणि तिथे मिळालेल्या मात्रेचा रुग्णाच्या प्रकृतीशी ताळा घालता यावा: इतकी दिली तर रोग परततो, इतकी दिली तर इजा होते, असं म्हणता यावं. आता दोन सेंटिमीटरचा अर्थ लागतो. अर्ध्या सेंटिमीटरवर मोजलं असतं तर उतार इतका तीव्र, की मिलिमीटरभर चुकीनं आकड्याला अर्थ उरला नसता. पाच सेंटिमीटरवर मोजलं असतं तर आकडा स्थिर मिळाला असता, पण गर्भाशयमुखाबद्दल त्यातून फारसं कळलं नसतं. दोनवर उतार अजून तीव्रच आहे, मिलिमीटरमागे पाच ते दहा टक्के. तरी हाताशी धरता येण्याजोगा. पाच सेंटिमीटरवरचाही एक बिंदू त्यांनी ठेवला, पॉइंट बी. ओटीपोटाच्या भिंतीजवळच्या लसिकाग्रंथींना काय पोचतं ते सांगणारा. तिथे ‘ए’च्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मात्रा पोचते, म्हणजे तिकडे बाहेरून झोत द्यावा लागणार हे तो बिंदूच सांगतो. बीची कामगिरी तेवढीच. खरं काम ‘ए’वर.

व्याख्या शब्दांत मांडणं सोपं असतं. तिच्याबरहुकूम वस्तू घडवणं अवघड, आणि मँचेस्टरवाल्यांची खरी कारागिरी तिथे दिसते. त्यांनी गर्भाशयात घालायची एक रबरी नळी केली आणि योनीच्या दोन्ही कोपऱ्यांत बसणारे रबराचे दोन लांबट गोळे केले, ज्यांना आजही ओव्हॉइड म्हणतात. ओव्हॉइडचा आकार कुठून आला? आत ठेवलेल्या रेडियमच्या नळीभोवती समान मात्रेचा जो पृष्ठभाग तयार होतो, तोच आकार या गोळ्यांना दिला. म्हणजे गोळ्याच्या पाठीला टेकलेल्या योनीच्या त्वचेला सगळीकडे जवळपास सारखी मात्रा मिळते; कुठे चटका, कुठे कोरडं, असं होत नाही. गणितात काढलेली वक्ररेषा हातात धरता येईल अशा वस्तूत उतरली आहे. रबराचा तो गोळा म्हणजे मात्रेचाच साचा. उपकरणांच्या इतिहासात रूप आणि हेतू इतके एकजीव झालेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत.

ओव्हॉइड तीन मापांचे: व्यास 2, 2.5 आणि 3 सेंटिमीटर. रेडियम सगळीकडे 2.5 मिलिग्रॅमच्या एककांत. लहान गोळ्यात सात एककं, मधल्यात आठ, मोठ्यात नऊ, म्हणजे 17.5, 20 आणि 22.5 मिलिग्रॅम. मोठ्या गोळ्यात जास्त का? मोठ्या गोळ्यामुळे रेडियम त्वचेपासून लांब राहतं, म्हणून जास्त ठेवता येतं, आणि अंतरामुळे ‘ए’वर जी घट होते ती भरून निघते. गर्भाशयाच्या नळीतही असंच. लांब नळीत वरून खाली 15, 10, 10. मधल्या नळीत 15, 10. आखूड नळीत एकटे 20. वरच्या टोकाला जास्त, कारण खालच्या भागाला ओव्हॉइडांचा हातभार असतो आणि वर कुणाचाच नाही. या साऱ्या जुळणीचं फळ असं, की बाईची ठेवण कशीही असो, त्यातून कुठलीही नळी आणि कुठलेही गोळे निवडले जावोत, पॉइंट ए-ला दर तासाला मिळणारी मात्रा जवळपास एकच राहते. बायका वेगवेगळ्या असणार हे गृहीत धरूनच सगळी रचना केली आहे. कुणालाही ठराविक साच्यात कोंबायचं नाही, साचेच तीन ठेवायचे, आणि बसेल तो सर्वांत मोठा घ्यायचा.

आणखी एक बंधन आहे. ‘ए’वरच्या एकूण मात्रेपैकी योनीतल्या रेडियमकडून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त येऊ द्यायचं नाही. बाकीचा भार गर्भाशयातल्या नळीनं उचलायचा. गर्भाशयाची भिंत पुष्कळ सोसते, योनीची त्वचा तितकं सोसत नाही. ज्याची ताकद जास्त त्यानं जास्त पेलायचं. शेवटी गॉजची पट्टी. ओव्हॉइडांच्या पुढे आणि मागे ती ठासून भरतात. मूत्राशय पुढे सरकतो, गुदाशय मागे. प्रत्येक मिलिमीटर मागे सरकलेला गुदाशय म्हणजे वाचलेला गुदाशय. पॅकिंग हे या उपचारातलं सर्वांत दुर्लक्षित काम. त्याचं श्रेय कुठल्याही अहवालात येत नाही, आणि चांगलं पॅकिंग करणारा डॉक्टर ज्या विभागात असतो तिथल्या रुग्णांना पुढे रक्तस्रावाचा त्रास कमी होतो.

मग वेळ. एका खेपेला सुमारे 72 तास, मध्ये चार ते सात दिवसांची विश्रांती, पुन्हा सुमारे 72 तास. ‘ए’वर सुमारे 8000 राँटगेन. तीन दिवस त्या बाईला अंथरुणावर उताणं पडून राहावं लागे, कूस बदलायची सोय नाही, लघवीला नळी, आणि परिचारिका येत त्या लगबगीनं काम उरकून मागे सरत, कारण तिच्या अंगातून सतत किरण बाहेर पडत असत. सूत्रांच्या देखणेपणाचं कौतुक करताना ही खाट नजरेआड करू नये. रेडियमच्या नळ्या भरणारे, घालणारे, काढणारे हात रोज किरण घेत होते. ही कोंडी न्यूयॉर्कमध्ये उल्रिख हेन्श्के यांनी 1960 च्या सुमारास फोडली: आधी रिकाम्या नळ्या बसवायच्या, सगळं मनासारखं बसलं की मगच स्रोत आत सरकवायचा. त्यानंतर यंत्रंच स्रोत सरकवू लागली, आणि माणूस भिंतीपलीकडे गेला.

व्याख्येत पहिली मोठी दुरुस्ती 1953 साली झाली, आणि ती खुद्द टॉड-मेरेडिथांनीच केली. योनीचा कोपरा क्ष-किरणाच्या फिल्मवर दिसत नाही. रेडियमची नळी स्वच्छ दिसते. म्हणून त्यांनी वरचे दोन सेंटिमीटर कोपऱ्यापासून मोजायचं सोडून गर्भाशयातल्या नळीच्या खालच्या टोकापासून मोजायला सांगितलं. रोजच्या कामाला ही मोठीच सोय होती. तरी माझ्या मते इथे काहीतरी हरवलं. आधीचा बिंदू बाईच्या शरीराला बांधलेला होता, नवा बिंदू उपकरणाला बांधला गेला. गर्भाशयमुखाचा भाग योनीत पुढे डोकावत असेल, किंवा कोपरे खोल असतील, तर ओव्हॉइड नळीच्या टोकाहून वर चढून बसतात. मग नव्या व्याख्येचा बिंदू ओव्हॉइडांच्या फार जवळ, चढत्या मात्रेत जाऊन पडतो, आणि आकडा फुगतो. ज्या व्याख्येनं माप रेडियमकडून शरीराकडे आणलं होतं, तीच सोयीपायी अर्धी वाट परत गेली. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या या प्रश्नावर पडदा टाकतात. त्यांत गर्भाशय नेहमी सरळ, मधोमध, दोन्ही बाजू सारख्या. खरं गर्भाशय कलतं, वळतं, एका बाजूला ओढलं जातं. म्हणून अहवालात डावा ‘ए’ आणि उजवा ‘ए’ असे दोन आकडे येतात, आणि ते क्वचितच सारखे असतात. मला हे दोन आकडे वेगवेगळे वाचायला आवडतात. त्यांची सरासरी काढली की बाई पुन्हा आकृतीतली होऊन जाते.

आता दोषाकडे. व्याख्येत गाठ नाही, हे मी गुण म्हणून सांगितलं. तिचा आंधळेपणाही तोच. दोन सेंटिमीटरची लहान गाठ असेल तर पॉइंट ए तिच्या बाहेर, निरोगी ऊतीत पडतो. तिथे पूर्ण मात्रा दिली म्हणजे गरजेपेक्षा जास्त दिली. गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेली असेल तर ‘ए’ गाठीच्या पोटात पडतो. तिथला आकडा समाधान देतो आणि त्यापलीकडची गाठ अर्धपोटी राहते. हा दुसरा प्रकार आपल्याकडे नेहमीचा. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येनं रोग वाढल्यावर दवाखान्याचं तोंड पाहतात. अंगावरून जाणं महिनोन्‌महिने लपवलेलं असतं. लाज असते, शेतीचा हंगाम असतो, घरात सांगायला कुणी नसतं.

मुंबईचा संबंध इथे येतो. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या स्मृतीशी बांधलेल्या संकल्पातून टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला सुरू झालं, आणि 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. वाढलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जेवढा अनुभव या रुग्णालयाच्या गाठी आहे, तेवढा जगात थोड्याच ठिकाणी असेल. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या टप्प्यातल्या, म्हणजे तीन-बीच्या, 850 स्त्रियांवर तिथे झालेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या किरणोपचाराला आठवड्याला एकदा सिसप्लॅटिन या औषधाची जोड दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 46 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेलं. दोन्ही गटांत ब्रेकीथेरपी होतीच. तिच्याशिवाय हा उपचार पुरा होत नाही. बाहेरचे झोत आणि आतला उपचार मिळून सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं, कारण त्यापुढे लांबणारा प्रत्येक दिवस रोगाच्या पथ्यावर पडतो. एसटीनं ये-जा करणाऱ्या बाईसाठी हे आठ आठवडे हीच मोठी परीक्षा.

हा आतला उपचार वगळून बाहेरच्या अचूक झोतांवर भागवता येईल, असा मोह यंत्रं सुधारली तसा वाढत गेला. अमेरिकेत ब्रेकीथेरपी मिळणाऱ्या रुग्णांचं प्रमाण 1988 मधल्या 83 टक्क्यांवरून 2009 मध्ये 58 टक्क्यांवर उतरलं, आणि ज्यांना ती मिळाली त्या जास्त जगल्या. मला यात नवल वाटत नाही. श्वासाबरोबर, मूत्राशय भरण्या-रिकामं होण्याबरोबर गर्भाशय हलतं. बाहेरचा झोत त्याचा पाठलाग करतो. आतली नळी त्याच्याबरोबरच हलते.

आजचा स्रोत इरिडियमचा: भाताच्या दाण्याहून बारीक, जाडी मिलिमीटरहूनही कमी, सुरुवातीला सुमारे 10 क्युरी, पोलादी तारेच्या टोकाला जोडलेला. त्याचं अर्धायुष्य 74 दिवस, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा आणावा लागतो. आधी खोटी तार जाऊन वाट मोकळी आहे ना ते पाहून येते. मग खरा स्रोत नळीत शिरतो, ठरलेल्या थांब्यांवर काही सेकंद रेंगाळतो, पुढे सरकतो. तीन दिवसांचं काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. इतक्या झपाट्यानं दिलेली मात्रा निरोगी ऊतींना जास्त बाधते, म्हणून ती खेपांमध्ये वाटतात: कुठे 7 ग्रेच्या (ग्रे हे मात्रेचं आजचं एकक) चार, कुठे 9 ग्रेच्या दोन. मँचेस्टरच्या 15-10-10 चं काम आता थांब्यांच्या सेकंदांकडे आलं आहे. कुठे किती रेंगाळायचं हे हातात आल्यामुळे मात्रेचा आकार हवा तसा घडवता येतो.

हा आकार मुळात पेअर फळासारखा, खाली ओव्हॉइडांपाशी रुंद आणि वर निमुळता. टॉड-मेरेडिथांच्या हातात एवढंच होतं, की सगळ्यांना हेच फळ द्यायचं. व्हिएन्नातल्या रिचर्ड पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयवर गाठ पाहून ते फळ दाबायला, फुगवायला शिकवलं. लांबवर पसरलेल्या गाठीत बाजूनं सुया घालून एकाच अंगानं ते फुगवता येतं. युरोपीय गटाच्या शिफारशी 2005-06 मध्ये आल्या, आणि मग एम्ब्रेस नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये आले: तेराशेहून अधिक स्त्रियांमध्ये पाच वर्षांनंतर 92 टक्के जणींचा मूळ जागचा रोग आटोक्यात. आता विचारतात ते हे, की गाठीच्या नव्वद टक्के भागाला किमान किती मिळालं (एकूण हिशेबात 85 ग्रेच्या वर हवं), आणि मूत्राशय, गुदाशय यांच्या सर्वांत भाजलेल्या दोन घनसेंटिमीटरना किती. मेरेडिथांच्या एका बिंदूची जागा घनफळांनी घेतली. टॉडना पडलेला ‘कुणाला किती झेपेल’ हा प्रश्न तोच, पण आता प्रत्येक अवयवाला वेगळा विचारलेला.

मग ‘ए’ उरला कशाला? नियोजनाच्या पडद्यासमोर बसणाऱ्याला विचारा. पुष्कळ ठिकाणी सुरुवात अजूनही प्रमाण जुळणीपासून आणि पॉइंट ए-च्या मात्रेपासून होते. ते फळ समोर आलं की मगच ते कुठे दाबायचं, कुठे ताणायचं हे दिसतं. दर खेपेला प्रत्येक बाईचा एमआरआय करणं भारतातल्या बहुतेक केंद्रांना शक्य नाही. म्हणून सीटी स्कॅनवरच गाठीची सीमा कशी आखावी, याच्या शिफारशी टाटा मेमोरियलच्या उमेश महंतशेट्टी आणि त्यांच्या भारतीय, युरोपीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या. आणि जिथे सीटीही नाही, दोन फिल्मांवर काम भागवावं लागतं, तिथे ‘ए’ एकटा सगळा भार वाहतो आहे.

अमेरिकन ब्रेकीथेरपी सोसायटीनं 2012 मध्ये त्याची व्याख्या पुन्हा दुरुस्त केली. दोन्ही ओव्हॉइडांच्या मध्यांमधून एक रेषा काढायची. ती गर्भाशयातल्या नळीला जिथे छेदते तिथून नळीच्या कडेनं ओव्हॉइडच्या त्रिज्येइतकं वर जायचं, त्यापुढे आणखी दोन सेंटिमीटर वर, मग दोन सेंटिमीटर बाजूला. त्रिज्येइतकं वर गेलं की आपण ओव्हॉइडच्या माथ्याच्या उंचीवर येतो, आणि तो माथा योनीच्या कोपऱ्यात टेकलेला असतो. म्हणजे 1938 ची जागा, फिल्मवर दिसेल अशा खुणांनी पुन्हा मिळवलेली. किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं 1985 च्या अहवालात पॉइंट ए-ला संदर्भबिंदू म्हणून स्थान दिलं नव्हतं. त्याच आयोगाचा 89 क्रमांकाचा अहवाल आता गाठीच्या आणि अवयवांच्या घनफळांबरोबर ‘ए’चा आकडाही नोंदवायला सांगतो, म्हणजे एमआरआयवर उपचार झालेली आणि दोन फिल्मांवर उपचार झालेली, अशा दोघींच्या उपचारांची तुलना करता येते.